यंत्रमानवाची मूर्ती



वेदान्त, अर्थकारण आणि शहराचा पाणीप्रश्न यांच्या पंगतीत ‘यंत्रमानवाची मूर्ती’ हा विषय पत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींना ही मुलांसाठी ठेवलेली करमणूक वाटली असेल. मुले आली आहेत, त्यांचे स्वागतच आहे. परंतु आम्हांला जे सांगावयाचे आहे ते मोठ्यांसाठी आहे. पुठ्ठा, कागद, खळ, तार आणि रंग एवढ्या भांडवलावर, बाजारातला तयार संच न आणता, एक यंत्रमानव कसा उभा करावा, आणि तो पुण्याच्या मंडईत उभा करावयाचा असेल तर त्याचे रूप कसे असावे, असा हा दुहेरी प्रश्न आहे. पहिला भाग हातांचा आहे. दुसऱ्याने आम्हांला जास्त दिवस छळले.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली छापले गेले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले. ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला तो या नाटकातून. तो सुचवला मात्र कारेलच्या भावाने, योसेफ या चित्रकाराने. त्याचे मूळ ‘रोबोटा’ या चेक शब्दात आहे आणि त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. रोबोटा म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची सक्ती. ‘यंत्रमानव’ हा आपला प्रतिशब्द भारदस्त आहे खरा, पण त्यात वेठ कोठेच उरलेली नाही. यंत्र उरले आणि मानव उरला, बिगार गळून पडली. कोणी त्या काळी ‘वेठ्या’ असा शब्द रूढ केला असता तर बरे झाले असते असे आम्हांला राहून राहून वाटते.

दुसरी गंमत अशी की, चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. ते एका कृत्रिम सजीव द्रव्यापासून घडवलेले होते. धातूचे अंग त्यांना पुढच्या लोकांनी चढवले, आणि त्यातला सर्वांत देखणा धातू तर धातूच नव्हता! १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन चित्रपटातील ती चकाकणारी यंत्रस्त्री पाहून आजही माणूस थबकतो. वाल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने ब्रिगिटे हेल्म या नटीच्या अंगाचा प्लॅस्टरचा साचा काढला, त्यावर सुताराच्या भेगा बुजवण्याच्या लाकडी लुकणासारखे, हवेत घट्ट होणारे द्रव्य पातळ थापून कापले, घासले, आणि वर रुपेरी रंगाचा फवारा मारला. म्हणजे चित्रपटांच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध पोलाद हे मुळात लाकडाचा भुसा आणि वार्निश! मूळ पेहराव आज उरलेला नाही.

हे ऐकून पुणेकराने आश्चर्य करू नये. भाऊ रंगारी यांच्या गणपतीची १८९२ पासूनची मूर्ती लाकूड आणि भुसा यांचीच आहे, आणि तिच्या अंगातला आवेश पाहून तिला कोणी भुशाची म्हणणार नाही. हलक्या पदार्थाला जड दिसावयास लावणे ही विद्या आपल्या पेठांतून पुष्कळ मुरलेली आहे. मंडईतल्या शारदा-गजाननाच्या मंडळाचा आरंभ १८९४ चा. तुळशीबागेच्या गणपतीची मूर्ती १९७५ साली डी. एस. खटावकर यांनी काचतंतूची केली, तेव्हा नव्या पदार्थालाही या गल्ल्यांनी घरातला करून घेतले. आणि हलते देखावे? मान डोलावणारा वासुदेव, दळण दळणारी बाई, तोफ डागणारा मावळा हे सारे पाहतच आपण लहानाचे मोठे झालो. ते पाहताना चौथऱ्याखाली कापडाआड काय फिरते आहे, हे वाकून पाहणारा एक मुलगा प्रत्येक गर्दीत असे. आमचे सारे मंडळ अशाच वाकणाऱ्या मुलांचे आहे.

अलीकडे मात्र हे वाकणे कमी झाले. देखावा आता भाड्याने मिळतो. दहा दिवस दिवे आणि आवाज, अकराव्या दिवशी ट्रक येतो आणि सारे घेऊन जातो. त्यात पाप नाही. पण पूर्वी गल्लीतल्या दहाजणांना दट्ट्या कसा बसवावा, लांबी कशी भरावी, खळीत मोरचूद किती घालावा हे ठाऊक होऊन जाई, ते आता कोणालाच होत नाही. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली, त्या वर्षी हे उघड झाले. थर्मोकोल गेला, ते चांगलेच झाले. पण त्याच्या आधी आपण काय वापरत होतो हे सांगणारा माणूस शोधावा लागला. आम्ही चार-सहाजण तेव्हा एकत्र आलो, आणि पुठ्ठ्याकडे वळलो.

आता रूपाचा प्रश्न. यंत्रमानव म्हटला की डोळ्यांपुढे काय येते? १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला काचेच्या डोक्याचा रॉबी, नाहीतर १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी लांबट सेवक, जो वर सांगितलेल्या जर्मन यंत्रस्त्रीचाच वंशज आहे. मराठीत विज्ञानकथेला तोटा नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून! तेव्हापासून या साहित्याला नवी प्रतिष्ठा आली. पण ते सारे शब्दांत राहिले. आमच्या विज्ञानकथेला डोके आहे, चेहरा नाही. सबंध महाराष्ट्राने डोळे मिटून ओळखावी अशी यांत्रिक आकृती आपल्याकडे एकच, आणि ती यंत्रमानवाची नसून बाहुल्याची आहे: १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू.

जुन्यात शोधावे तर धारच्या भोजराजाचा ‘समरांगणसूत्रधार’ हा अकराव्या शतकातला ग्रंथ आहे. त्याच्या यंत्रविधानाच्या अध्यायात नाचणाऱ्या पुतळ्या आहेत, दाराशी उभा राहणारा लाकडी रक्षक आहे. कृती मात्र पुरती दिलेली नाही, आणि ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी वगळली, असे ग्रंथकार स्वतःच सांगतो. आपल्या कारागिरांची ही खोड राजघराण्याइतकी जुनी आहे तर! आम्ही आज सारे सांगणार आहोत.

परदेशी रूपांची नक्कल करावयाची नाही आणि राजवाड्यातला द्वारपाल मंडईत शोभत नाही, असा पेच पडला असता उत्तर चापेकच्या शब्दानेच दिले. वेठ म्हणजे ओझे. मंडईत ओझे कोण वाहतो? पाटीवाला. घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला तरी पहाटे या अष्टकोनी मनोऱ्याखाली डोक्यावर पाटी घेतलेला माणूस आजही दिसतो. डोक्यावर वाहतो म्हणून तो माथाडी. त्याच्या नावाने या राज्यात १९६९ साली कायदा झाला. आमचा यंत्रमानव पाटीवाला करावयाचा असे ठरले, आणि डोके मंडईच्या मनोऱ्यासारखे अष्टकोनी.

ठरले तरी एक खटका होता. आजचा खरा यंत्रमानव चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत आहे. त्याला तोंड नाही, पाय नाहीत. जमिनीला खिळलेला एक पिवळा किंवा नारिंगी हात आहे, आणि तो सांधे जोडतो. ज्यांचे काम असल्या हातांमुळे जाऊ शकते, त्यांच्याच रूपाची बाहुली करून आपण त्यांची थट्टा तर करीत नाही ना? या शंकेचे निरसन आमचे आम्ही करणे योग्य नव्हते. म्हणून रेखाटन घेऊन मंडईतल्या एका वयस्क हमालांकडे गेलो. त्यांनी कागद आडवाउभा करून पाहिला आणि विचारले, “ह्याला चुंबळ कुठंय?”

लोखंडाच्या डोक्याला चुंबळ कशाला, असे आमच्यातला एकजण म्हणाला. त्यावर ते म्हणाले, “डोकं दुखू नये म्हणून नसती मास्तर. पाटी बसावी म्हणून असती.” गोल तळाची पाटी कठीण डोक्यावर डुगडुगते; डोके हाडाचे असो की पत्र्याचे. मग त्यांनी उठून ओझे कसे घेतात ते करून दाखवले. आमच्या कल्पनेत यंत्र हळूहळू, एकसारखे उठत होते. त्यांनी सांगितले की हळू उचलले की कंबर जाते. गुडघे मोडून बसावे, मान ताठ, नजर समोर, एका दमात उठावे. मग क्षणभर उभे राहावे, पाटी बसू द्यावी, आणि नंतर पाऊल टाकावे. उतरवताना मात्र सावकाश. जाताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला: “ह्याला रोज किती?” आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

माप असे घेतले. साडेपाच फूट माणूस, एकास तीन प्रमाणाने बावीस इंच. डोके उंचीच्या साडेसातव्या हिश्श्याएवढे, म्हणजे तीन इंचांच्या आत. पुरे चित्र खऱ्या मापाने कागदावर, समोरून आणि बाजूने, काढल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये. धड आणि मांड्या यांसाठी आधी शाडूचे आकार केले. त्यावर ओल्या कागदाचा एक थर नुसत्या पाण्याने, म्हणजे पुढे तो मातीला चिकटत नाही. नंतर वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्या मैद्याच्या खळीने, एक थर उभा, एक आडवा, असे आठ. पट्टी हाताने फाडावी, कातरू नये, कारण फाटलेली कड शेजारच्या कडेत मिसळते आणि कातरलेली कड वर उमटते. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळे मेजवानी करतात. मोरचूद विषारी आहे, म्हणून हे काम मुलांनी मोठ्यांदेखत करावे. वाळवण सावलीत, उन्हात वाळवला की कागद एका अंगाने ओढतो. मग सुरीने दोन फाका करून माती काढून घ्यावयाची आणि फाका पुन्हा जोडावयाच्या.

सुट्या भागांसाठी बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, एरवी बोहरी आळी. विजेचे सामान तपकीर गल्लीत. कुकरची शिट्टी कानाच्या जागी गेली. बॉलपेनच्या नळ्यांची मनगटे झाली, चहाच्या गाळणीची जाळी तोंडावर बसली, सायकलच्या मागच्या दिव्याच्या लाल काचेचे दोन डोळे झाले. आमच्या मते सर्वांत नामी वस्तू म्हणजे भाजीच्या तराजूचे पारडे. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून अशी पारडी मोडीत निघतात. एक लहानसे पारडे उपडे करून छातीवर बसवले आणि त्या बाहुल्याला एकदम वजन आले. बोटांचे सांधे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. आगपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती उभी करण्याचे त्यांचे प्रयोग पुण्याच्या आयुकात हजारो मुलांनी पाहिले आहेत.

चलनाची रचना साधी आहे. पायाची पेटी नऊ इंच उंच. तिच्यात मोटारीच्या काचा पुसणाऱ्या वायपरची जुनी मोटर. बारा व्होल्टची ही मोटर पाच-सहा व्होल्टवर चालवली की मिनिटाला वीसेक फेरे घेते आणि जोर सोडत नाही. तिच्या दांड्यावर प्लायवुडची एक ओबडधोबड तबकडी, तिला कारागीर कॅम म्हणतात. कॅमच्या कडेवर एक लहान बेअरिंग घरंगळते, बेअरिंगवर उभी सळई, आणि सळई मागे रचलेल्या गोणीआडून यंत्रमानवाच्या कंबरेला. गुडघे आणि घोटे बिजागरीवर मोकळे असल्यामुळे कंबर वर गेली की पाय आपोआप ताठ होतात. तबकडीचा आकार हेच सारे रहस्य. पाव फेरीत कड मध्यापासून दोन इंचांवरून साडेतीन इंचांवर जाते, म्हणजे पाऊण सेकंदात तो उठतो. पुढची अर्धी फेरी शुद्ध वर्तुळाची. कड दूर जात नाही आणि जवळही येत नाही, तो नुसता उभा राहतो. उरलेल्या पाव फेरीत खाली. एका दमात उठावे आणि मग थांबावे हे त्या हमालांचे वाक्य आम्ही करवतीने लाकडात कापले, असे म्हटले तरी चालेल. उतरण सावकाश हवी होती. तीसाठी मोटरच्या वाटेत एक रोध घातला, तो त्या पाव फेरीपुरताच जोडला जातो आणि गती निम्मी करतो.

आता रंग. येथे थोडे रेंगाळावयाची परवानगी असावी, कारण मूर्ती घडते कागदाची पण लोकांना दिसतो तो रंग.

लांबी म्हणजे खडूची पूड आणि सरस. ती भरून, काचकागदाने घासून, पुन्हा भरून अंग गुळगुळीत केले. त्यावर चपड्याचा एक हात, म्हणजे कागद पाणी पिणे थांबतो. पुष्कळजण येथे चंदेरी रंगाचा डबा उघडतात आणि सारा यंत्रमानव शिगेच्या डब्यासारखा करून टाकतात. काम करणारे लोखंड चंदेरी नसते. त्याच्यावर कारखान्याने रंग दिलेला असतो, तो घासून निघतो, खालचे लोखंड गंजते, आणि जेथे हात सतत लागतो तेथे ते पुन्हा चकाकते. हा इतिहास ज्या क्रमाने घडतो त्याच क्रमाने रंगवावा लागतो, आतून बाहेर.

म्हणून आधी गंज. गेरू आणि थोडी काजळी चपड्यात खलून सर्वांगाला फासली. वाळल्यावर, जेथे रंग उडालेला दाखवावयाचा तेथे पाण्याचे बोट फिरवून भरडलेले खडेमीठ चिकटवले. त्यावर फिकट हिरवट निळा तेली रंग, तोही फवाऱ्याने. ब्रश फिरवला तर मीठ निसटते, आणि पाण्याचा रंग वापरला तर मीठ विरघळते. दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसले की मीठ निघून जाते आणि खालचा गंज अनियमित ठिपक्यांतून डोकावतो. असे ठिपके कोणत्याही चित्रकाराला हाताने काढता येत नाहीत, कारण हाताला नियमितपणाची सवय असते. शेवटी कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली; शिसे चोळून चकाकते आणि तेथे उघडे लोखंड दिसू लागते.

यानंतर धुवण. पाण्यात काव, थोडा डिंक आणि साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर तेली रंगावर पाणी मण्यांसारखे गोळा होते. हे पाणी सांध्यांत आणि खिळ्यांभोवती सोडून वरचे पुसून घ्यावयाचे. खोलगट जागा काळवंडतात आणि आकार उठून दिसतो. पण गंज आणि मळ कोठे, हे ठरवताना आम्ही पुन्हा मंडईत जाऊन तासभर नुसते पाहत बसलो. पाटीत ओली भाजी असते, तिचे पाणी मानेवरून खांद्यांवर आणि तेथून पाठीवर उतरते. तेव्हा ओघळ तेथे. पाटी सावरणारा हात उजवा, म्हणून उजव्या तळव्याचा रंग पार उडालेला आणि डाव्याचा बराचसा शाबूत. घोट्यापर्यंत बटाट्याची लाल-करडी माती. छातीवरच्या पारड्याला काहीच लावले नाही; त्याच्यावर अनेक वर्षांच्या हातांची झीज आधीच होती, ती आमच्या रंगापेक्षा सरस होती.

या मूर्तीत कापडाची एकच वस्तू आहे, ती चुंबळ. जुन्या धोतराची, पिळा घालून केलेली. ती रंगवलेली नाही.

येथे लंडनच्या एका प्रसंगाची आठवण होते. सप्टेंबर १९२८ मध्ये तेथील प्रतिकृतिकार अभियंत्यांच्या प्रदर्शनाला उद्‌घाटक मिळेना. ड्यूक ऑफ यॉर्क येणार होते, ते येऊ शकले नाहीत. तेव्हा डब्ल्यू. एच. रिचर्ड्‌स आणि ॲलन रेफेल या दोघांनी ॲल्युमिनियमचा एक यंत्रमानव बनवला, एरिक नावाचा. त्याच्या छातीवर चापेकच्या नाटकाची आद्याक्षरे कोरली होती. तो उठला, मान लववली आणि त्याने चक्क भाषण केले. बोलताना त्याच्या दातांतून निळ्या ठिणग्या उडत. पुढे तो हरवला, आणि लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने जुन्या चित्रांवरून तो पुन्हा बनवून २०१७ च्या प्रदर्शनात ठेवला. आमचा यंत्रमानव भाषण करीत नाही. वक्त्याची वेठ आम्ही स्वतःच पत्करली, ठिणग्यांशिवाय.

त्या हमालांना काम पुरे झाल्यावर बोलावले. ते आले, सोबत आणखी तिघे आले. मोटर सुरू केली. बाहुला गुडघ्यांतून उठला, थांबला, सावकाश खाली गेला. त्यांनी तो सात-आठ वेळा पाहिला. मग एकजण म्हणाला, की उठताना तो समोर बघतो ते बरोबर आहे. दुसऱ्याने विचारले, की पाटी रिकामी कशी? त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मेथीची खरी जुडी आणून ठेवली. ती दुपारपर्यंत सुकली, आणि सुकलेल्या मेथीचा यंत्रमानव कोणाला पाहवेना. तेव्हा आता पाटीत हिरव्या पतंगी कागदाची मेथी आहे. ती आमच्या घरांतल्या मुलींनी कातरली, आणि साऱ्या मूर्तीत उत्तम वठलेला भाग तोच आहे असे ज्याने त्याने आम्हांला सांगितले आहे.

मूर्ती मंचाच्या डाव्या अंगाला ठेवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी रांगेने यावे. पेटीची मागची फळी मुद्दाम काढून ठेवली आहे, म्हणजे मुलांना वाकून कॅम पाहता येईल. हात लावण्यास हरकत नाही; उजव्या तळव्याला तर अवश्य लावा, तेथला रंग अजून थोडा जास्त उडावयास हवा आहे.